वाहक दांपत्याचा प्रश्न

विदर्भातील एका वाचकाने विचारले आहे, की पती-पत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक, म्हणजे ‘एएस’, असून पहिले अपत्य ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, निपजले, तर चारांतील ती एक पाळी भरून गेली असे समजून पुढील अपत्याविषयी निश्चिंत राहावे काय? दुर्दैवाने तसे समजता येत नाही. कारण प्रत्येक गर्भधारणेचा हिशेब निसर्ग नव्याने मांडतो, आणि प्रत्येक खेपेस 25 टक्के शक्यता रोगाची, 50 टक्के वाहकत्वाची व 25 टक्के पूर्णतः निर्दोष अपत्याची असते.

1949 साली लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्याधीस रेणूचा आजार ठरविले, ही कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु अशा दांपत्यांच्या दृष्टीने 1978 हे साल मला अधिक मोलाचे वाटते. तोवर निदानासाठी गर्भाचेच रक्त काढावे लागे आणि त्यात गर्भ दगावण्याचे भय असे. सॅन फ्रान्सिस्को येथील युएट वाय कान व आंद्रे डोझी यांनी गर्भजलातील पेशींचा डीएनए एका विकराने छेदला, तेव्हा निर्दोष जनुक बहुधा 7,600 अक्षरांच्या तुकड्यात, तर सिकल जनुक पुष्कळदा 13,000 अक्षरांच्या तुकड्यात सापडे. खरेदीखतात शेताची ओळख चतुःसीमेवरून पटावी, तशी त्यांनी दोषाची ओळख शेजारच्या खुणेवरून पटविली. केवढी ही कल्पकता!

आज सिकल जनुकातील सदोष अक्षरच थेट वाचता येते. त्यासाठी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या अंकुरांचा, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलाचा नमुना घेतात; गर्भपाताचा धोका अल्प असला तरी शून्य नसतो, हे दांपत्यास आधीच सांगितले पाहिजे.

2023 साली सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेत तपासणीची कार्डे वाटली जातात, हे उचितच. तथापि कार्डे जुळवून विवाह मोडणे हाच उपाय, असे मानणाऱ्यांनी ग्रीसमधील ऑर्खोमेनोस गावाचे उदाहरण ध्यानात घ्यावे. तेथे वाहक हुडकले गेले, त्यांच्या माथी कलंक आला, आणि रुग्ण बालकांच्या जन्मास मात्र आळा बसला नाही. कार्डासोबत समुपदेशनाची व गर्भनिदानाची तजवीज जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावयास हवी.

तेव्हा आमच्या वाचकाने गर्भधारणेपूर्वीच उभयतांचे अहवाल घेऊन तज्ज्ञांना भेटावे, आणि दिवस राहताच विलंब करू नये. निदान ‘एसएस’ आले, तरी जन्मापासून उपचारांची सिद्धता ठेवून गर्भ वाढवावा की कायद्याच्या मर्यादेत थांबवावा, हा निर्णय सर्वस्वी त्या दोघांचा होय.