साल्व्हादोरची कढई

परक्या शहराची ओळख करून घेण्याचे मार्ग अनेक आहेत. कोणी तेथील प्रार्थनामंदिरें पाहतो, कोणी राजवाडे, कोणी वस्तुसंग्रहालयें. परंतु ज्यांच्या श्रमांवर शहर उभें राहिलें, त्यांची हकीकत या इमारतींत पुष्कळदां सांपडत नाहीं. ती रस्त्याच्या कडेला, एखाद्या कढईजवळ सांपडते. दक्षिण अमेरिकेंत, ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेलें साल्व्हादोर हें असेंच एक शहर आहे.

पोर्तुगीजांनीं तें १५४९ सालीं वसविलें, आणि १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी तेथेंच होती. शहराचे दोन मजलेच आहेत म्हणा ना! खालीं समुद्राकांठीं बंदर व बाजार. वर कड्यावर चर्चें आणि जुने वाडे. या दोहोंना जोडणारी लासेर्दा नांवाची लिफ्ट १८७३ सालीं सुरू झाली; आज तिची उंची सुमारें ७२ मीटर आहे. वरच्या शहरांत पाऊल टाकतांच तळणाचा एक उग्र वास येऊं लागतो. हा वास देंदे नांवाच्या तांबड्या तेलाचा. तें एका आफ्रिकी ताडाच्या फळांपासून काढतात. वासाच्या मागानें गेलें कीं बायाना, म्हणजे बाहिया प्रांताची विक्रेती, दृष्टीस पडते. पांढरा घेरदार झगा, डोक्याला पांढरें फडकें, गळ्यांत रंगीत मण्यांच्या माळा, आणि पुढ्यांत कढई.

तिच्या पदार्थाचें नांव आकाराजे. महाराष्ट्रीय श्रोत्यांना त्याची कृति मुळींच परकी वाटणार नाहीं. चवळी भिजत घालून सोलावयाची, वाटावयाची, त्यांत कांदा व मीठ घालून लांकडी डावानें पीठ हलकें होईपर्यंत फेंटावयाचें आणि देंदेंत वडे तळावयाचे. मग वडा चिरून त्यांत भेंडीची कारुरू नांवाची भाजी, सोडे आणि व्हातापा भरतात. व्हातापा म्हणजे पाव, नारळाचें दूध, सोडे, शेंगदाणे व काजू यांचें दाट सारण. यांतील काजू हा मूळचा ब्राझीलचाच. पोर्तुगीजांनीं तो गोव्यास आणला, आणि त्याचें नांवहि तिकडूनच आलें. उलट नारळ हा हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून पोर्तुगीज जहाजांबरोबर बाहियास पोहोंचला. शेवटीं बायाना विचारते, "गरम हवा का?" तिचा रोख मिरचीच्या चटणीवर असतो. हें न कळून होकार देणाऱ्या पाहुण्याच्या डोळ्यांस पाणी येतें!

हा वडा मात्र जहाजावरच्या व्यापाऱ्यांनीं आणला नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोक चवळीच्या वड्याला आजहि 'अकरा' म्हणतात, आणि 'जे' म्हणजे खाणें. गुलामांच्या व्यापारांत ४० लक्षांहून अधिक आफ्रिकी माणसें ब्राझीलमध्यें उतरविण्यांत आलीं. त्यांनीं बरोबर काय आणलें? हातांत कांहींच नव्हतें. आठवणींत होतें तेवढेंच आलें. ज्या पेलोरिन्यो विभागांत आज प्रवाशांची गर्दी असते, त्याच्या नांवाचा अर्थच फटके मारण्यासाठीं माणसाला बांधावयाचा खांब, असा आहे.

त्या काळीं शहरांतील पुष्कळ गुलाम स्त्रियांना धनी रस्त्यावर विक्रीस पाठवीत. ठरलेली रक्कम संध्याकाळीं धन्याच्या हातीं द्यावयाची, वर उरेल तें तिचें. अशा उरलेल्या नाण्यांत नाणें घालून कित्येकींनीं स्वतःची, कित्येकींनीं आपल्या मुलांची सुटका विकत घेतली. कायद्यानें ब्राझीलमधील गुलामगिरी नष्ट झाली ती १८८८ सालीं. त्यापूर्वीं कित्येक वर्षें या बायका कढईच्या बळावर मोकळ्या होत होत्या.

आकाराजेला धर्माचेंहि अंग आहे. आफ्रिकी परंपरेंतून आलेल्या कांदोंब्ले पंथांत वादळाची देवता इयांसां हिला याचा नैवेद्य दाखवितात. गळ्यांतील माळांचे रंगहि देवतांचेच असतात. अलीकडे नव्या ख्रिस्ती पंथांतील कांहीं विक्रेत्या याच वड्याला 'येशूचा वडा' म्हणून विकूं लागल्या, तेव्हां जुन्या बायानांना तें रुचलें नाहीं. वडा तोच, पण नांव पुसलें कीं आजीहि पुसली जाते, असें त्यांना वाटतें.

२००५ सालीं ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा-संस्थेनें बायानांच्या या व्यवसायाची देशाचा वारसा म्हणून नोंद केली. तरीहि २०१४ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या वेळीं परवान्यावांचून क्रीडांगणाजवळ कोणीं कांहीं विकूं नये, असा नियम पुढें आला. ज्यांनीं वर्षानुवर्षें तेथील प्रेक्षकांना खाऊं घातलें, त्यांनाच दूर बसावें लागणार होतें. बायाना गप्प राहिल्या नाहींत. त्यांनीं निदर्शनें केलीं, सह्या गोळा केल्या, आणि कांहींजणींना तरी जागा मिळवून दिली.

साल्व्हादोरला जाणाऱ्या प्रवाशानें चर्चें अवश्य पाहावींत. पण चर्च पाहून झाल्यावर त्यानें बायानेच्या ओट्यापुढें क्षणभर उभें राहावें. ती जागा तिला कोणीं दिलेली नाहीं. तिच्या आज्यांनीं ती पैशापैशानें मिळविली, आणि ती राखण्याचें काम अजून संपलेलें नाहीं.