सशाच्या रक्तातला पुरावा

गरोदर बाईचं रक्त आणि गरोदर नसलेल्या बाईचं रक्त दोन नळ्यांत शेजारी ठेवलं, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. वारेतून रक्तात उतरलेली प्रथिनं तिथे असतात, पण इतर असंख्य प्रथिनांच्या गर्दीत. त्यांना वेगळं काढायचं कसं?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मायामी विद्यापीठातल्या लिन आणि हॅल्बर्ट यांनी हे काम सशांवर सोपवलं. गरोदर स्त्रियांचं रक्तद्रव सशांना टोचलं. सशाला माणसाचं प्रत्येक प्रथिन परकंच; त्याच्या शरीराने सरसकट सगळ्यांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. खरी युक्ती पुढे होती. सशाच्या त्या रक्तद्रवात गरोदर नसलेल्या माणसांचं रक्तद्रव मिसळलं. नेहमीच्या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडं तिथेच अडकून बाद झाली. उरली ती फक्त गरोदरपण ओळखणारी.

आगरच्या जेलीच्या पातळ थरात खळगे पाडून एकात ही प्रतिपिंडं, दुसऱ्यात गरोदर स्त्रीचं रक्तद्रव घालायचं आणि थांबायचं. दोघं पाझरत एकमेकांना भेटली, की तिथे पांढरी रेघ उमटते. अशी एक नव्हे, चार प्रथिनं हाती लागली: ए, बी, सी आणि डी. ‘डी’ म्हणजे आधीच ठाऊक असलेलं वारेचं संप्रेरक, लॅक्टोजेन निघालं. ‘सी’ जर्मनीत हान्स बोन यांना आधीच सापडलं होतं. ‘ए’ मात्र नवं होतं. त्याचं पूर्ण नाव प्रेग्नन्सी-असोसिएटेड प्लाझ्मा प्रोटीन-ए, थोडक्यात पॅप-ए.

१९७४ साली स्पेलसी या सहकाऱ्यांना सोबत घेऊन लिन आणि हॅल्बर्ट यांनी गरोदरपणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर ही प्रथिनं मोजली. पॅप-ए बाळंतपणापर्यंत चढत जातं. वार पडल्यावर लॅक्टोजेन झटकन नाहीसं होतं, पॅप-ए मात्र कित्येक दिवस रेंगाळतं.

ते करतं काय, हे पुढची २५ वर्षं कुणालाच उमगलं नाही. उत्तर आलं भलतीकडूनच. त्वचेच्या पेशी वाढवलेल्या द्रवात संशोधक एक विकर शोधत होते. वाढीच्या घटकाला जखडून ठेवणारं प्रथिन कापून ते त्या घटकाला मोकळं करतं. १९९९ साली त्याची ओळख पटली: ते पॅप-एच होतं!

तोवर दवाखान्यांना त्याचा उपयोग कळला होता. डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भाच्या बाबतीत पहिल्या तिमाहीत पॅप-ए सरासरी निम्म्यावर असतं, हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दिसून आलं. आज ११ ते १३ आठवड्यांदरम्यान होणाऱ्या ‘डबल मार्कर’ या रक्ततपासणीतलं एक मार्कर तेच.

निरोगी गरोदरपणात कुठल्या आठवड्याला किती, हे आधी मोजलं गेलं म्हणूनच ‘कमी’ या शब्दाला अर्थ आला. म्हणून रिपोर्टमध्ये पॅप-ए कमी दिसलं, तर आधी सोनोग्राफीनुसार आठवडे बरोबर धरलेत ना, ते डॉक्टरांना विचारा. हा आकडा फक्त शक्यता सांगतो, निदान नव्हे. त्याच्या एकट्याच्या भरवशावर कुठलाही निर्णय घेऊ नका.