जाळीपलीकडचा कान

शनिवारी संध्याकाळी आजी विहिरीवर हातपाय धुऊन धुतलेलं लाल लुगडं नेसायची आणि मला हाताला धरून चर्चची वाट धरायची. एरवी अखंड बोलणारी आजी त्या वाटेवर मुकी व्हायची. मी काही विचारलं की म्हणायची, "गप्प राहा, आठवू दे मला." आठवडाभरात आपलं काय चुकलं, कुणाला काय बोललो, याची ती मनातल्या मनात उजळणी करत असे.

वसईतल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये भिंतीलगत एक लाकडी कपाटासारखी खोली होती. मधल्या कप्प्यात गळ्यात जांभळी पट्टी घातलेले फादर बसायचे. दोन्ही अंगांना गुडघे टेकायला फळी होती आणि फादरच्या नि आपल्या मध्ये बारीक भोकांची जाळी. आजी तिथे टेकली की मला बाकावरून फक्त तिच्या टाचा दिसायच्या. भेगाळलेल्या, घासूनही वाडीतल्या मातीचा रंग न गेलेल्या. आतून कुजबुज ऐकू येई, शब्द कळत नसत. आपली पापं अशी फादरना सांगून क्षमा मागण्याला गोव्याकडे कुमसार म्हणतात. आमच्याकडे पुस्तकी नाव प्रायश्चित्त संस्कार, आणि बोलताना सरळ कन्फेशन.

मराठी वाचकाला ख्रिस्ती घर भेटलं ते बहुतेक लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तून. पण टिळक प्रोटेस्टंट. त्यांच्या मंडळीत ही खोली नाही आणि ही जाळीही नाही. त्यामुळे कॉलेजात मित्रांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा प्रश्न प्रामाणिक होता: देवाला सगळं दिसतं ना, मग मध्ये हा माणूस कशाला?

चर्चचं उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य दारं लावून घाबरून बसलेले असतात. येशू आत येतो, त्यांच्यावर फुंकर घालतो आणि लोकांच्या पापांची क्षमा करण्याचा किंवा ती रोखून धरण्याचा अधिकार त्यांना देतो. कॅथलिक परंपरेचा युक्तिवाद असा, की क्षमा करायची की थांबायचं हे ठरवायचं तर आधी ऐकावं लागणार. म्हणून सांगणं आलं. क्षमा मात्र फादरची नसते, तो ख्रिस्ताच्या वतीने बोलतो. त्याला स्वतःची पापं स्वतः माफ करता येत नाहीत, त्यालाही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात. पोपही याला अपवाद नाहीत. 28 मार्च 2014 रोजी सेंट पीटर्समध्ये पोप फ्रान्सिस सर्वांदेखत एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघ्यांवर बसले, ते छायाचित्र जगभर गेलं.

पण माझ्या मित्रांना ही गोष्ट पटली ती बायबलमुळे नव्हे, गांधीजींमुळे. लहानपणी त्यांनी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला होता. पुढे मन खाऊ लागलं, तेव्हा त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहिली, शिक्षा मागितली आणि पुन्हा चोरी न करण्याचा शब्द दिला. आजारी वडील बिछान्यात उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि त्यांनी ती फाडून टाकली. देवाला तर ती चोरी आधीपासून ठाऊक होती. तरीही एका माणसाच्या हातात ती चिठ्ठी पडेपर्यंत त्या पोराची सुटका नव्हती. माफी कानांनी ऐकावी लागते, डोळ्यांनी बघावी लागते. कन्फेशनचा गाभा मला इथेच सापडतो.

ही कुजबुज मात्र सुरुवातीपासूनची नाही. पहिल्या काही शतकांत धर्म नाकारणं, खून, व्यभिचार अशा घोर पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत घ्यावं लागे, तेही आयुष्यात एकदाच. प्रायश्चित्त घेणाऱ्यांचा वेगळा वर्ग असे. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, त्यांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, मिळत नसे, आणि मग बिशप त्यांना पुन्हा मंडळीत घेत. सम्राटही यातून सुटला नाही. 390 साली थेस्सलनीकात थिओडोसिअसच्या हुकमाने हजारो लोकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला ख्रिस्तप्रसाद देण्याचं नाकारलं. रोमन साम्राज्याचा धनी राजवस्त्रं उतरवून लोकांसमोर रडला.

एकच संधी असल्यामुळे पुष्कळजण प्रायश्चित्त म्हातारपणापर्यंत, मरणाच्या दारापर्यंत लांबवत. ही कोंडी फोडली आयर्लंडच्या मठवासीयांनी. सहाव्या शतकापासून त्यांनी खासगीत, हवं तितक्या वेळा पापं ऐकायला सुरुवात केली. कोणत्या पापाला किती दिवस पाणी-भाकरीचा उपास, याच्या याद्याच त्यांनी केल्या. पाप हा आजार आणि धर्मगुरू वैद्य, ही त्यांची दृष्टी. 589 साली स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभेने या पुन्हापुन्हा क्षमा मागण्याचा निषेध केला. तरी लोकांनी निवड केली होती. 1215 च्या लॅटरन धर्मसभेने अखेर ती मान्य करून नियम घातला, की जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा कन्फेशन करावं. त्याच नियमात गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर मठात डांबण्याची शिक्षाही आहे. जाळीची खोली त्याहून बरीच उशिराची. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी 1577 साली चर्चच्या बांधणीबद्दल सूचना लिहिल्या, त्यांत तिची मापं आहेत. बाईमाणूस आणि फादर यांच्यात आडोसा हवा, पण जागा मात्र सगळ्यांना दिसेल अशी हवी, हा हेतू.

'पाप करा, सांगा, मोकळे व्हा' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की इतकं स्वस्त ते नाही. मनापासून पश्चात्ताप नसेल, पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर फादरचे शब्द लागू पडत नाहीत. चोरी केली असेल तर माल परत करावा लागतो. कुणाची अब्रू घेतली असेल तर ती शक्य तेवढी भरून द्यावी लागते. दहा 'नमो मरिया' म्हणून हिशेब मिटत नाही.

गुपिताचा नियम आजही तितकाच कडक आहे. ऐकलेलं फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप चर्चबाहेर पडतो. आणि इथेच आजचा सगळ्यात अवघड प्रश्न उभा आहे. 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या शाही आयोगाने शिफारस केली, की मुलांच्या लैंगिक शोषणाची माहिती कन्फेशनमध्ये मिळाली तरी धर्मगुरूने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. 2018 साली केरळमध्ये ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर एका विवाहितेच्या कन्फेशनचा वापर करून तिचं शोषण केल्याचे आरोप झाले, आणि राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करावी असं सुचवलं. चर्चने याला धर्मस्वातंत्र्यावरचा घाला म्हटलं. मला ते उत्तर अपुरं वाटतं. कन्फेशनच्या आडून स्त्रियांना नादी लावणाऱ्या धर्मगुरूंविरुद्ध पोप चौदावे बेनेडिक्ट यांना 1741 साली खास फर्मान काढावं लागलं होतं. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि चर्चला ठाऊक आहे. गुपित हे पाप सांगणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, ऐकणाऱ्याच्या नव्हे. जाळीपलीकडे पोर बोलत असेल, तर त्याचा हात धरून त्याला बाहेर आणणं, तिथे तीच गोष्ट पुन्हा ऐकणं आणि मदत मिळवून देणं हे फादरचं कर्तव्य आहे, असं मी मानतो. प्रथा बंद करा हे मात्र मला पटत नाही, कारण मी आजीला पाहिलं आहे.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती आपल्या कादोडी बोलीत सांगे आणि आमच्याच समाजातले फादर ते ऐकत. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पाप परक्या भाषेत सांगता येत नाही. 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, कोकणीचं व्याकरण लिहिलं. लोकांचं मन ज्या भाषेत कबूल होतं ती भाषा आल्याशिवाय धर्मगुरूचं पान हलत नव्हतं, हे त्या मेहनतीमागचं एक मोठं कारण होतं.

एका शनिवारी आजी खोलीतून लवकर बाहेर आली. त्या आठवड्यात पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या काकीशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं. काकीची पाळी असताना तिने पाट आपल्या केळींकडे वळवला होता आणि वर तिलाच खोटं पाडलं होतं. नेहमीसारखी ती बाकावर प्रार्थनेला बसली नाही. तरातरा घरी आली, वाडीत जाऊन पिकायला आलेला केळीचा घड कोयत्याने उतरवला आणि तो कमरेवर घेऊन कुंपणापलीकडे गेली. मी मागोमाग. काकी ओसरीवर तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. आजीने घड पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "परवा पाणी मीच तोडलं होतं." काकी बराच वेळ सूप पाखडत राहिली. मग उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.