बटणे अडखळतात, गोष्ट सोडत नाही

'डेडली प्रीमोनिशन' हा जपानी हॉरर गेम 2010 साली आला. ओसाकाच्या ॲक्सेस गेम्स या कंपनीने तो तयार केला. दिग्दर्शक होते हिदेताका सुएहिरो, ज्यांना खेळणारे 'स्वेरी' या नावाने ओळखतात. गेमवर जे लिहिले गेले त्यात विलक्षण तफावत आहे: आयजीएनने त्याला दहापैकी 2 गुण दिले, डिस्ट्रक्टॉइडने दहापैकी 10. समीक्षकांमध्ये सर्वाधिक मतभेद घडवणारा सर्व्हायव्हल हॉरर गेम म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद केली. दोन्ही गुणांमागची कारणे खरी आहेत आणि ती एकाच खेळात शेजारी शेजारी बसलेली आहेत.

गोष्ट अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रीनव्हेल या काल्पनिक गावात घडते. ॲना ग्रॅहम या तरुणीचा मृतदेह जंगलात झाडाला टांगलेला सापडतो. तपासासाठी एफबीआयचा फ्रान्सिस यॉर्क मॉर्गन येतो. यॉर्क सतत कोणा 'झॅक'शी बोलत असतो. हा झॅक पडद्यावर दिसत नाही, गावकऱ्यांना ऐकू येत नाही, पण यॉर्क त्याला प्रत्येक निर्णयाआधी विचारतो. पाऊस लागला की लाल रेनकोट घातलेला खुनी बाहेर पडतो, अशी गावात जुनी दंतकथा आहे.

पहिला तास खेळणाऱ्याची परीक्षा पाहतो. यॉर्कची गाडी पावसात उलटते आणि त्याला जंगलातून पायी गाव गाठावे लागते. वाटेत मागे वाकून चालणाऱ्या, कण्हणाऱ्या आकृत्या आडव्या येतात. पिस्तूल रोखण्याचे बटण दाबले की यॉर्क जागच्या जागी थांबतो. नेम धरताना त्याला एक पाऊलही टाकता येत नाही. निशाणा सावकाश सरकतो, नंतर एकदम पुढे निघून जातो. वळायचे तर आधी अंग फिरवायचे आणि मग चालायचे. आकृती अंगावर आली की घाईत चुकीचे बटण दाबले जाते. श्वास रोखून धरण्याचे वेगळे बटण आहे. ते दाबून ठेवले तर आकृत्यांना यॉर्क जाणवत नाही आणि तो शेजारून निघून जाऊ शकतो. ही युक्ती एकदा हाताला बसली की गोळ्या वाचतात. शिवाय गोळ्या झाडण्यापेक्षा श्वास धरून आकृतीला वळसा घालण्यातच जास्त भीती आहे.

चालवण्याची ही जड रीत या गेमने शोधलेली नाही. 1992 च्या 'अलोन इन द डार्क'मध्ये ती दिसते आणि 1996 च्या 'रेसिडेंट एव्हिल'ने ती जगभर नेली. वरचे बटण दाबले की पात्राचे तोंड ज्या दिशेला असेल तिकडे ते चालते, डावे-उजवे बटण त्याला जागीच फिरवते. रणगाडा असाच वळतो, म्हणून या रीतीला 'टँक कंट्रोल' म्हणतात. त्यामागे पक्के कारण होते. त्या काळच्या यंत्रांना मोठे त्रिमितीय वाडे झरझर रंगवणे झेपत नसे, म्हणून पार्श्वभूमीची चित्रे आधीच तयार करून ठेवत आणि कॅमेरा कोपऱ्यात स्थिर असे. दार ओलांडले की कॅमेरा बदले. दिशा पडद्याप्रमाणे ठरवली असती, तर प्रत्येक बदलाला पात्र उलटे धावले असते. टँक कंट्रोलमुळे पात्र निदान सरळ चालत राहते. त्याच काळात 1999 च्या 'सायलेंट हिल'ने यंत्राची दुसरी मर्यादा कामाला लावली: लांबचे दृश्य रंगवता येत नव्हते, तिथे धुके पसरवले, आणि ते धुकेच त्या गावाची ओळख बनले.

2005 च्या 'रेसिडेंट एव्हिल 4'ने कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आणला, तरी नेम धरताना थांबण्याची सक्ती ठेवली. 'डेडली प्रीमोनिशन'ने तीच पद्धत उचलली, पण त्यातली सफाई मात्र उचलता आली नाही. जुन्या गेममधला जडपणा भीतीसाठी राबतो. इथे मारामारीचे प्रसंग लांबतात, शत्रू तेच ते राहतात, आणि गावाचा नकाशा फिरत राहिल्याने रस्ता सापडत नाही. गाडी कासवगतीने जाते. हे दोष आहेत आणि चाहत्यांनी त्यांना शैली म्हणू नये.

तरीही माणसे हा गेम शेवटापर्यंत खेळतात, याचे कारण ग्रीनव्हेल. गावाला घड्याळ आहे. दुकाने ठरल्या वेळी उघडतात आणि मिटतात. माणसे घरून निघतात, स्वतःच्या गाडीने कामावर जातात, जेवायला थांबतात, रात्री परततात. त्यांच्या मागे गाडी नेता येते, खिडकीतून आत डोकावता येते. पाऊस आला की दिनक्रम बदलतो. यॉर्कलाही भूक लागते, झोप येते. कपडे धुतले नाहीत तर त्याच्याभोवती माशा घोंघावतात, दाढी केली नाही तर ती वाढते. गाडीत पेट्रोल संपते. वायपर आणि इंडिकेटरसाठीही बटणे आहेत, ज्यांचा तपासाला काडीचा उपयोग नाही. लांबच्या रस्त्यावर यॉर्क झॅकला जुन्या सिनेमांविषयी सांगत बसतो, आणि ती संथ गाडी चालवणे हवेसे वाटू लागते. उपाहारगृहात चाकाच्या खुर्चीतला, तोंडावर गॅस मास्क लावलेला श्रीमंत गृहस्थ टर्की, स्ट्रॉबेरी जॅम आणि सीरियल घातलेले सँडविच मागवतो, आणि त्याच्या वतीने बोलणारा तरुण प्रत्येक वाक्यात यमक जुळवतो. हसू येते. पुढे याच माणसांपैकी कोणी मेले की मात्र घरातले गेल्यासारखे लागते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला हे गाव परके वाटणार नाही. घाटंजी, नेर किंवा दिग्रससारख्या तालुक्याच्या ठिकाणी कोण किती वाजता कुठे असतो, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असते. बाहेरून आलेला अधिकारी तासाभरात ओळखला जातो. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचून वाढलेल्यांनाही भीती ओळखीच्या घरातून कशी वर येते, हे सांगावे लागत नाही. ग्रीनव्हेलमधली भीती त्याच जातीची आहे.

स्वेरी यांनी 2011 साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये आपली पद्धत मांडली. खेळणारा गेमपासून दूर असतानाही त्याला गेम आठवावा, म्हणून रोजच्या क्रियांना कथेशी बांधायचे, असा त्यांचा विचार होता. यॉर्क कॉफीच्या कपात दुधाच्या रेघांतून भविष्य वाचतो, ते याच विचाराने. खेळून झालेला माणूस सकाळी दुधाचा थेंब पसरताना क्षणभर थांबतो, इतका तो विचार यशस्वी झाला आहे.

यवतमाळ जिल्ह्यात हॉरर गेमची पहिली ओळख बहुधा फोनवर होते. 2017 मध्ये आलेला 'ग्रॅनी' त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. तिथेही काचेवर अंगठा घसरतो आणि म्हातारी मागून येते, पण गोष्ट अगदी तोकडी. 'डेडली प्रीमोनिशन' घरच्या संगणकावर खेळायचा तर 2013 ची 'डायरेक्टर्स कट' ही आवृत्ती आहे. ती आली तेव्हा चित्राचा आकार 1280 गुणिले 720 लाच बांधलेला होता. ड्युरांटे या टोपणनावाच्या प्रोग्रामरने लवकरच मोफत दुरुस्ती काढली. ती बसवून घ्यावी.

कीबोर्डपेक्षा यूएसबी कंट्रोलर बरा, कारण नेम आणि वळणे दोन्ही अंगठ्यांवर येतात. गेम टेलिफोनपाशीच सेव्ह होतो आणि दोन टेलिफोनांमध्ये कधी कधी बरेच अंतर पडते. वीज गेली की तेवढे काम पाण्यात. म्हणून इन्व्हर्टर नसेल तर दिसेल त्या टेलिफोनवर थांबावे. गावकऱ्यांची दुय्यम कामे टाळू नयेत. त्यातून न मोडणारी हत्यारे मिळतात आणि पुढच्या मारामाऱ्या बऱ्याच सुसह्य होतात. झॅक कोण, हे मात्र कुठे वाचू नये आणि कोणाला विचारू नये. पहिला तास दात-ओठ खाऊन काढावा, गावात पोहोचावे आणि ते यॉर्ककडूनच ऐकावे.