विश्लेषण : गोंदियाची थंडी सोसणाऱ्यालाही हिमशिखरावर एकटे जाणे धोक्याचे का?

हिवाळ्यात विदर्भातील नीचांकी तापमान अनेकदा गोंदियात नोंदवले जाते. पारा ८ अंशांवर आला की चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. या सवयीच्या भरवशावर उत्तराखंडमधील केदारकंठासारखे शिखर एकट्याने गाठून त्याच दिवशी उतरण्याचा बेत सोपा वाटू शकतो. गणित मात्र वेगळे आहे.

गोंदिया समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर, केदारकंठा सुमारे ३,८०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे केवळ उंचीमुळेच २० अंशांहून अधिक फरक. त्यात वारा. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० जाणवते. चढताना घामाने भिजलेले सुती कपडे थांबताच अंग गार करतात.

खरा धोका पुढेच आहे. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी हुडहुडी, मग बोटे ऐकत नाहीत, जीभ अडखळते, विचार मंदावतो. सोबत्याला हे दिसते. ज्याला झाले, त्याला बहुधा कळतच नाही. हुडहुडी थांबली तर ते बरे वाटण्याचे नव्हे, प्रकृती गंभीर झाल्याचे लक्षण. काही जण तर उकडते म्हणून जॅकेटच काढतात!

म्हणून स्थानिक वाटाड्या हवाच. परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून कुणाला तरी सांगावी आणि शिखर समोर दिसत असले तरी त्या वेळेला मागे फिरावे. फोन आतल्या खिशात ठेवावा. कडाक्याच्या थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.