संख्या-प्रकार, संगणकातील
संगणकाच्या आज्ञावलीत एखादी संख्या साठविण्यासाठी स्मृतीत किती जागा राखावयाची व त्या जागेतील द्विमान अंकांचा अर्थ कसा लावावयाचा, हे ठरविणाऱ्या संकेतास संख्या-प्रकार म्हणतात. ० किंवा १ एवढेच मूल्य घेणाऱ्या द्विमान अंकास बिट व आठ बिटांच्या गटास बाइट अशी संज्ञा आहे.

पूर्णांक : १६ बिटांत केवळ धन संख्या धरल्यास ० ते ६५,५३५ व ऋण संख्याही धरल्यास –३२,७६८ ते ३२,७६७ एवढे पूर्णांक मावतात. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. भारताची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या (१,२१,०८,५४,९७७) तीत मावते. जगाची लोकसंख्या मात्र मावत नाही. तिच्यासाठी ६४ बिट योजावे लागतात.

तरत्या बिंदूच्या संख्या : फार मोठ्या किंवा अपूर्णांकी राशींसाठी ह्यांचा उपयोग होतो. १९८५ च्या प्रमाणित पद्धतीनुसार ३२ बिटांत सुमारे ७ व ६४ बिटांत सुमारे १५ दशमान अंकांपर्यंत अचूकता मिळते. ०·१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत आवर्ती असल्याने तो नेमका साठविता येत नाही. म्हणून पैशांच्या हिशेबात रुपयांचे अपूर्णांक न ठेवता पैशांचे पूर्णांक ठेवणे इष्ट असते.

जागेचा अंदाज : नोंदींची संख्या व प्रत्येक नोंदीचे बाइट यांचा गुणाकार करून तो काढतात. एक कोटी नोंदींत प्रत्येकी एक ३२ बिटांचा पूर्णांक असल्यास ४ कोटी व ६४ बिटांचा असल्यास ८ कोटी बाइट लागतात. मात्र ४ बाइटांची संख्या बहुधा चारच्या पटीतील स्थानीच ठेवली जात असल्याने, १ बाइट व ४ बाइट अशा दोन घटकांची नोंद ५ ऐवजी ८ बाइट व्यापू शकते.

लहान प्रकाराने जागा वाचते. परंतु मूल्याची संभाव्य कमाल मर्यादा आधी न तपासल्यास ती बचत घातक ठरते. ४ जून १९९६ रोजी ‘आरियान ५’ हा यूरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. आडव्या वेगाशी निगडित अशी तरत्या बिंदूची ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित होताना त्यात मावली नाही व मार्गनिर्देशन यंत्रणा बंद पडली. आज्ञावलीचा हा भाग ‘आरियान ४’ वरून घेतलेला होता. त्या अग्निबाणाच्या उड्डाणमार्गात ही राशी मर्यादेतच राहत असे.