पायाला मदत करणारी हवा

पिकअप तुम्हाला काही नवी नाही. इंदापूरची डाळिंबं, निमगाव केतकीची खाऊची पानं, भिगवणला उतरणारी उजनीची मासळी, बारामतीच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर, हे सगळं पहाटे पिकअपमध्येच तर चढतं. गाडी आणि माल मिळून वजन साधारण तीन टन भरतं. तीन टन म्हणजे ३,००० किलो! आता समजा, ही गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि भवानीनगरजवळ अचानक उसाची बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरकाका पेडलवर पाय दाबतात आणि गाडी थांबते.

पायाचा जोर तो केवढा? असेल पंधरा-वीस किलोचा. तेवढ्या जोरावर ३,००० किलो कसे थांबले?

एकट्या पायाचं हे काम नव्हेच. पायाला मदत करणारे तिघं आहेत. पहिला मदतनीस म्हणजे पेडलचा दांडा. तो पहारीसारखा काम करतो आणि जोर तीन-चार पट करतो. दुसरं मदतनीस म्हणजे ब्रेक ऑइल. आणि तिसरी, सगळ्यांत मजेशीर मदतनीस, म्हणजे तुमच्या-आमच्या भोवतीची साधी हवा. हवेच्या या मदतीमुळेच अशा ब्रेकना पॉवर ब्रेक म्हणतात. ‘नव्या गाडीचे पॉवर ब्रेक फेल झाले’ असं आपण ऐकतो, तेव्हा या तिघांपैकी नेमकं कोण रुसलं हे कळायला हवं. कारण प्रत्येकाच्या रुसण्यावरचा उपाय वेगळा आहे, आणि तो उपाय करायला हातात असतात फक्त दोन-तीन सेकंद.

आधी ब्रेक ऑइलचं बघू. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. दोन्हींत पाणी भरा आणि मध्ये एक पातळ नळी बसवा. कुठेही बुडबुडा राहू देऊ नका. आता लहान सिरिंजचा दट्ट्या तुम्ही दाबा आणि मोठ्या सिरिंजचा दट्ट्या मित्राला अडवून धरायला सांगा. मित्र तुमच्यापेक्षा दांडगा असला तरी हरेल! बंदिस्त द्रवाला एका ठिकाणी दाबलं की तो दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून त्याच्यावरचा एकूण जोरही जास्त. ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे सतराव्या शतकातच नीट मांडलं होतं. गाडीत पेडलच्या पुढे मास्टर सिलेंडर असतो, ती तुमची लहान सिरिंज. चाकापाशी मोठे दट्टे असतात. ते पुढच्या चाकात ब्रेक पॅड डिस्कवर दाबतात आणि मागच्या चाकात ब्रेक शू ड्रमच्या आतल्या बाजूला दाबतात.

प्रयोग मोडू नका, अजून एक गंमत बाकी आहे. नळीत मुद्दाम एक मोठा बुडबुडा राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या भसकन आत जातो आणि पलीकडे जोर पोहोचतच नाही. पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. तुमचा सगळा जोर तो बुडबुडाच गिळून टाकतो. हे लक्षात ठेवा, पुढे घाटात त्याचं काम पडणार आहे.

आता हवेकडे वळू. लहान सिरिंज रिकामी करा, तिचं तोंड बोटाने गच्च बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. सोडलात की तो पुन्हा आत पळतो. त्याला आत कोणी ओढलं? ओढलं कोणीच नाही. बाहेरच्या हवेने त्याला ढकललं! आपल्या भोवतीची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोच्या वजनाएवढा दाब देत असते. आतूनही तेवढाच दाब असतो म्हणून आपल्याला तो जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून टाकली, की दुसऱ्या बाजूची हवा आपली ताकद दाखवते. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराच्या ओटो फॉन गेरिके यांनी धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढून घेतली होती. मग दोन्हीकडून घोडे जुंपले, तरी ते अर्धगोल सहजी सुटेनात.

पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या समोर, बॉनेटखाली, एक काळा गोल चपटा डबा असतो. त्याला म्हणतात बूस्टर. मोठ्या माणसांना बॉनेट उघडायला सांगा आणि बघा, लगेच ओळखू येईल. डब्याच्या आत रबराचा पडदा असतो. पेडलला पाय लावलेला नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंची बरीचशी हवा काढून घेतलेली असते. पाय दाबला की एक छोटी झडप उघडते आणि पेडलच्या बाजूने बाहेरची हवा आत घुसते. पडदा पुढे ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर मास्टर सिलेंडरची दांडीही. कान देऊन ऐकलं तर पेडल दाबताना हलकासा ‘फुस्स’ आवाज येतो, तो या हवेचा.

हिशेब करून बघू या? २५ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर. डब्यातली सगळी हवा काही निघत नाही, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला एक किलोऐवजी ०.७ किलो धरू. गुणाकार येतो जवळजवळ ३४० किलो! पाय पंधरा-वीस किलोचा आणि मदत तीनशे चाळीस किलोची. ही युक्ती बेल्जियमचे अभियंते अल्बेर देवांद्र यांनी १९२७ साली शोधली. मला ती यंत्रांमधल्या सगळ्यांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. कारण जोर विकत आणावा लागत नाही, तो आपल्या भोवती भरलेलाच आहे.

पण डब्यातली हवा काढणार कोण? पेट्रोल गाडीचं इंजिन श्वास घेताना स्वतःच ती ओढून घेतं. डिझेल इंजिनाचा श्वास मोकळा असतो, तिथे असं व्हॅक्यूम, म्हणजे हवा काढून घेतलेली पोकळी, तयार होत नाही. म्हणून डिझेल पिकअपला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र. दोघांना फिरवतो एकच पट्टा, आणि पट्ट्याला फिरवतं इंजिन. आता सांगा, अशा गाडीत तो पट्टा तुटला तर काय होईल? समोर बॅटरीचा लाल दिवा पेटेल. दिवा बॅटरीचा, पण धोका ब्रेकचा! हे ज्या ड्रायव्हरला ठाऊक आहे, तो दिवा बघताच वेग कमी करून गाडी कडेला घेतो.

म्हणजे हवेची मदत जाण्याचे रस्ते बरेच आहेत. पट्टा तुटणं, पंपापासून बूस्टरपर्यंतचा रबरी पाईप निसटणं किंवा चिरणं, बूस्टरचा पडदा फाटणं. आणि इंजिन बंद पडणं. पडदा फाटणं सोडलं, तर यांतलं काहीही झालं तरी मदत त्याच क्षणी संपत नाही. बूस्टरच्या तोंडाशी एक एकमार्गी झडप असते. ती साठवलेलं व्हॅक्यूम राखून ठेवते. साधारण दोन-तीनदा ब्रेक दाबण्यापुरतं ते पुरतं. त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं.

इथेच माणसं घाबरतात. पेडल कडक झालं की त्यांना वाटतं, ब्रेक गेला. पण ब्रेक गेलेला नसतो! दांडा आहे, ब्रेक ऑइल आहे, पॅड आहेत. गेली आहे ती फक्त हवेची मदत. अशा वेळी पेडल वरखाली पंप करू नये, कारण दर खेपेला उरलंसुरलं व्हॅक्यूम वाया जातं. पाठ सीटला टेकवून, गरज पडली तर दोन्ही पायांनी, सगळं बळ लावून पेडल दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. गाडी नेहमीपेक्षा लांब जाऊन थांबेल, पण थांबेल. जुन्या काळी बूस्टर नसलेले टेम्पो चालवणाऱ्यांच्या पायांना या जोराची सवय होती. नव्या गाडीवर शिकलेल्या दादाने मात्र कडक पेडल कधी अनुभवलेलंच नसतं. म्हणून मला मनापासून वाटतं, की ड्रायव्हिंग शिकवताना उभ्या गाडीत इंजिन बंद करून, ते कडक पेडल प्रत्येकाला एकदा तरी दाबायला लावलं पाहिजे.

दुसऱ्या प्रकारचं ब्रेक फेल याच्या अगदी उलट. पेडल मऊ लागतं आणि खाली खाली जातं. हे दुखणं ब्रेक ऑइलचं. कुठेतरी गळती झाली किंवा पाईपमध्ये बुडबुडे झाले. इथे मात्र पेडल भराभर पंप करायचं, म्हणजे थोडा तरी दाब तयार होतो. मास्टर सिलेंडरमध्ये हल्ली दोन वेगळे कप्पे असतात. एका कप्प्याच्या वाटेवर गळती झाली तरी दुसरा काही चाकांना ब्रेक लावतो. जोडीला गिअर एकेक करून खाली आणायचा आणि हँडब्रेक हळूहळू ओढायचा. हँडब्रेकला ना हवा लागते ना ऑइल, तो साध्या तारेवर चालतो.

बंद पाईपमध्ये बुडबुडे येतात कुठून? चला दिवे घाटात. बारामतीहून मोरगाव, जेजुरी, सासवड करत भरलेली पिकअप पुण्याकडे निघाली की हा घाट तिला उतरावा लागतो. ब्रेक लावणं म्हणजे गाडीची गतिज ऊर्जा घासून उष्णतेत बदलणं. तीन टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबवली, की सुमारे ४ लाख १७ हजार ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळीला येईल! आणि घाटात? दर १०० मीटर उंची उतरताना, वेग वाढू द्यायचा नसेल तर, अशा सात वेळा थांबण्याएवढी उष्णता कुठेतरी टाकावी लागते. सगळी ब्रेकवरच टाकली तर पॅड, ड्रम, सिलेंडर आणि शेवटी ब्रेक ऑइलही तापतं. डॉट-३ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषून घेतं. पुरेसं पाणी मुरलं की हाच आकडा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा काय करतो ते तुम्ही सिरिंजमध्ये पाहिलंच आहे. गॅरेजमधले मिस्त्री ठरावीक काळाने ब्रेक ऑइल बदला असं सांगतात, ते यासाठी.

म्हणूनच घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात. मग इंजिनच तिला रोखून धरतं आणि ब्रेक गार राहतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं म्हणजे इंजिनाचा अटकाव गेला, आणि इंजिन बंद तर व्हॅक्यूमही गेलं. किल्ली पूर्ण फिरवली तर स्टिअरिंगही लॉक होऊ शकतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर एका मोठ्या वाहनाने चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली. आधी सगळीकडे ‘ब्रेक फेल’ असंच ऐकू आलं. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. मोठ्या ट्रकांत बूस्टरऐवजी दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात, पण ती हवा भरणारा कंप्रेसरही इंजिनच फिरवतं.

मग अगदी नवी कोरी गाडी? तिच्यात काय बिघडणार, असं वाटतं ना? नव्या गाडीचे पॅड आणि डिस्क अजून एकमेकांवर नीट बसलेले नसतात. सुरुवातीचे काही शे किलोमीटर ब्रेक पूर्ण पकड घेत नाहीत. कधी कारखान्यातच एखादा जोड नीट बसत नाही. महिंद्रा कंपनीने २०२१ साली सुमारे ३० हजार पिकअप तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या त्या गाड्यांत द्रव वाहून नेणारी एक नळी नीट जोडली गेली नसावी, अशी शंका होती. कंपनीने आपण होऊन असं बोलावणं ही चांगलीच गोष्ट. आणि कंपनीने नाही बोलावलं तर, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, सरकार तिला तसा आदेश देऊ शकतं. तुमच्या घरी असं पत्र किंवा मेसेज आला तर तो कपाटात पडू देऊ नका, बाबांच्या मागे लागा.

आणखी एक कारण आहे, त्यात यंत्राचा काही दोष नाही. पायाशी पडलेली पाण्याची बाटली! गडगडत ती पेडलखाली गेली की कितीही नवा ब्रेक असू दे, पेडल खाली जाणारच नाही. पुढच्या सीटवर बसता ना तुम्ही? मग बाटली सांभाळणं तुमच्याकडे.

बूस्टर ठीक आहे की नाही हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. ती मोठ्यांनीच करायची, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून. तुम्ही बाहेर बाजूला उभे राहून बघा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबायचं. ते कडक होईल. आता पाय दाबूनच ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली आपोआप थोडं खाली गेलं, तर समजा पंप, पाईप आणि पडदा कामाला लागले. नाही गेलं, तर माल भरायच्या आधी गाडी मिस्त्रींकडे.

आता एक अवघड प्रश्न. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिनच नसतं, मग तिच्या बूस्टरमधली हवा कोण काढतं? काही गाड्यांत त्यासाठी विजेचा छोटा पंप असतो. काहींत व्हॅक्यूमची भानगडच नसते, विजेची मोटर थेट मास्टर सिलेंडरची दांडी ढकलते. शिवाय अशी गाडी मंदावताना तिची चालवणारी मोटर उलट जनरेटर होते, आणि डिझेलच्या गाडीत ब्रेकच्या उष्णतेत वाया गेली असती त्यातली काही ऊर्जा परत बॅटरीत भरते. अर्थात बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ही ऊर्जा घ्यायला तिच्यात जागाच उरत नाही. त्यामुळे गाडी घाटमाथ्यावरच पूर्ण चार्ज करून लगेच उतरायला लागलात, तर ब्रेकचं सगळं काम पुन्हा पॅड आणि ड्रमवरच येतं.